मिठाच्या ढिगावरचं बंदर

किंग्ज लिन हे नाव तसं फसवंच आहे. नावात किंग आहे म्हटल्यावर कुणा राजाने हे गाव वसवलं असणार असं वाटतं. प्रत्यक्षात राजाचं नाव त्याला चिकटलं ते १५३७ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात. त्याआधी काही शतकं ते 'बिशप्स लिन' होतं, म्हणजे बिशपचं लिन. आणि त्याच्याही आधी नुसतंच लिन. हा शब्द मुळात इंग्रजीही नाही, जुन्या केल्टिक भाषेतला आहे. अर्थ डोह किंवा तळं.

मागच्या वेळी लिहिलेलं वाचून आत्याने विचारलं होतं, "अगं, तुला लिहायला आपल्याकडची गावं कमी पडली का?" आत्या, कमी नाही पडली. पण केंब्रिजहून लिनला आगगाडीने जेमतेम पाऊण-एक तास लागतो, आणि गेल्या दोन वर्षांत मी इतक्यांदा तिथे जाऊन आलेय की आता ते गाव डोक्यातून जात नाही. शिवाय या गोष्टीत मीठ आहे, बिशपवर सोडलेले बाण आहेत आणि एका बाईचे लागोपाठ बुडालेले दोन धंदेही आहेत. तेव्हा वाच. :-)

नकाशा डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफकचा जो फुगवटा आहे, त्याच्या डाव्या खांद्याशी समुद्र आत घुसलाय. या उथळ, चौकोनी आखाताला 'वॉश' म्हणतात. त्याच्या तळाच्या कोपऱ्यात ग्रेट ऊझ नावाची नदी समुद्राला मिळते, आणि मुखाच्या जरा आत, नदीच्या पूर्व काठावर लिन आहे. नदीच्या मागे आतवर 'फेन्स' पसरलेत. आता तिथे सपाट काळी शेतजमीन आहे, पण मध्ययुगात तो मैलोनमैल दलदलीचा, लव्हाळ्यांचा आणि पाणपक्ष्यांचा मुलूख होता.

बंदराला लागतात तशा गोष्टी इथे फारशा नव्हत्या. खडक नाही, आडोसा देणारी टेकडी नाही, खोल पाणी नाही. पायाखाली जमीनसुद्धा धड नव्हती. भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल, एवढंच. तरीही १२०० च्या सुमाराला हे गाव इंग्लंडातल्या पहिल्या पाच-सहा बंदरांत जाऊन बसलं. कसं?

सुरुवात मिठापासून झाली. ११ व्या शतकात या किनाऱ्यावर मीठ करणारे लोक होते. १०८६ मध्ये विल्यम राजाने सगळ्या देशाची जी मोजदाद करवून घेतली, त्या डोम्सडे बुकात इथल्या मिठागरांची नोंद आहे. आता मिठागर म्हटलं की आपल्यासमोर उरण-पेणचे चौकोनी वाफे, कडक ऊन आणि पांढऱ्या राशी येतात. इथे तसं शक्य नव्हतं. या देशातल्या उन्हाच्या भरवशावर राहिलं तर पापडसुद्धा वाळायचा नाही, मीठ कुठलं! त्यामुळे इथली पद्धत निराळी होती. उन्हाळ्यात उधाणाचं पाणी किनाऱ्यावर पसरून ओसरलं की गाळाच्या वरच्या थरात मीठ राहायचं. हा खारा थर खरवडून गोळा करायचा. मग चिकणमातीने लिंपलेल्या खड्ड्यात, तळाशी गवताच्या ढेपळांची गाळणी करून, त्यात तो गाळ भरायचा आणि वरून समुद्राचं पाणी ओतायचं. झिरपून खाली येणारं पाणी चांगलंच दाट खारं असायचं. ते शिशाच्या पसरट, उथळ भांड्यांत उकळून आटवायचं. जळण म्हणून पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजून साठलेली, वाळवली की पेटणारी माती. ती फेन्समध्ये हवी तेवढी मिळायची.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतेय, कारण खरी गंमत पुढे आहे. मीठ निघून गेल्यावर तो धुतलेला गाळ उरतो, त्याचं काय करायचं? बाजूला टाकायचा. दुसऱ्या वर्षी परत बाजूला टाकायचा. पन्नास-शंभर वर्षं असं टाकत गेलं की त्याचे ढीग होतात, ढिगांचे उंचवटे होतात, आणि मग त्या सपाट चिखलात भरतीचं पाणी जिथे पोचत नाही अशी एकमेव कोरडी जागा म्हणजे मीठवाल्यांनी फेकलेला कचरा. लिन गावाचा पहिला भाग अशाच ढिगांच्या आधाराने उभा राहिला.

गावाच्या इतिहासाची पुस्तकं बहुतेक वेळा बिशपपासून सुरू होतात. बिशपने सनदा लिहून ठेवल्या, शिक्के मारून जपल्या. मीठवाल्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यामुळे त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांनी ठेवली ती फक्त जमीन.

बिशपचाही वाटा लहान नाही हं. त्याचं नाव हर्बर्ट द लोसिंगा. या गृहस्थाने राजाला पैसे देऊन बिशपपद मिळवलं होतं. (पदं विकत घेणं हा आपल्याकडचाच शोध आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपया नोंद घ्यावी.) पुढे त्याला म्हणे पश्चात्ताप झाला, तो रोमला पोपसमोर जाऊन आला, आणि १०९० च्या दशकात नॉर्विच इथे आपलं मुख्य ठाणं हलवून त्याने बांधकामांचा धडाकाच लावला. त्यातलंच एक लिनचं सेंट मार्गारेट चर्च. गाव आपला जन्म साधारण ११०१ पासून मोजतं तो या चर्चमुळे. चर्चशेजारी शनिवारचा बाजार आणि सेंट मार्गारेटच्या सणाला जत्रा. चर्च आणि बाजार या दोन्हींचं उत्पन्न त्याने नॉर्विचच्या मठातल्या भिक्षूंना देऊन टाकलं.

पण हर्बर्टच्या सनदेत एक तपशील आहे. हे चर्च त्याने तिथल्या लोकांच्या विनंतीवरून बांधलं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे विनंती करण्याजोगी वस्ती तिथे आधीच होती! लोक होते, व्यापार होता, ढिगांवर घरं होती. बिशपने तिथे घंटा बांधली आणि जकात बसवली. 'स्थापना' या शब्दाकडे त्या दिवसापासून मी जरा संशयानेच बघते.

हे पहिलं लिन दोन ओहोळांच्या मध्ये होतं. दक्षिणेला मिलफ्लीट, उत्तरेला परफ्लीट. भरतीचं पाणी या ओहोळांतून आत यायचं आणि होड्या थेट वस्तीपर्यंत पोचायच्या. दीड पिढीतच ही जागा अपुरी पडली. मग ११४६ ते ११७४ या काळात बिशप असलेल्या विल्यम टर्बने परफ्लीटच्या उत्तरेला नवी वसाहत आखली. नावसुद्धा सरळ 'न्यूलँड', नवी जमीन. तिचा स्वतंत्र बाजार, मंगळवारचा. तिचं स्वतंत्र देऊळ, सेंट निकोलसचं, हा खलाशांचा कैवारी संत. आता एका गावाला दोन बाजार कशाला? तर जुन्या बाजाराचं उत्पन्न भिक्षूंकडे गेलेलं होतं ना! नव्या बाजाराचं बिशपने स्वतःकडे ठेवलं. थोरल्याने वडिलोपार्जित दुकान भावाला दिलं आणि मग रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं नवं थाटलं, असा प्रकार.

आजही गावात हे दोन्ही चौक आहेत. सॅटर्डे मार्केट प्लेस लहान आणि चर्चच्या भिंतीला चिकटलेला. ट्यूसडे मार्केट प्लेस इतका ऐसपैस की पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढ्याशा गावाला हे मैदान कशाला, असंच वाटलं. हल्ली बाजार नसेल तेव्हा तिथे गाड्या लावतात.

दोन्ही तुकडे एकत्र आणले जॉन द ग्रे या बिशपने. तो जॉन राजाच्या खास मर्जीतला. भिक्षूंना दुसरीकडचं उत्पन्न देऊन त्याने जुनं लिन परत मिळवलं आणि १२०४ मध्ये राजाकडून सनद आणली. गावाला नागरी हक्क मिळाले, व्यापाऱ्यांना स्वतःची श्रेणी, म्हणजे गिल्ड चालवायचा अधिकार मिळाला. त्याच सुमाराला जॉन राजाने बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या मालावर एक-पंधरांश कर बसवला होता. १२०३-०४ चे आकडे शिल्लक आहेत: लंडन ८३६ पौंड, बॉस्टन ७८०, साउदॅम्प्टन ७१२, लिंकन ६५६ आणि लिन ६५१. लिंकन हे रोमनांच्या वेळचं शहर, आणि त्याच्याहून फक्त पाच पौंड मागे असलेलं लिन पुरतं सव्वाशे वर्षांचंही नव्हतं.

या जॉन राजाची इथली गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ऑक्टोबर १२१६ मध्ये तो लिनला आला होता, इथून निघाल्यावर वॉशच्या भरतीत त्याचा खजिना बुडाला आणि आठवड्याभरात तो स्वतःही गेला. खजिना शोधायला अजूनही हौशी लोक येतात. गावात 'किंग जॉन कप' म्हणून एक अप्रतिम मीनाकारीचा प्याला जपून ठेवलाय. तो चौदाव्या शतकातला आहे. म्हणजे जॉन राजा मेल्यावर शंभरहून जास्त वर्षांनी घडवलेला. पण नाव आपलं त्याचंच. असो.

या भरभराटीत एक पान असं आहे की ते टाळून पुढे जावंसं वाटतं, पण जाता येत नाही. ११९० च्या सुरुवातीला, धर्मयुद्धाची हवा तापलेली असताना, लिनमधल्या ज्यूंवर हल्ला झाला. घरं जाळली, माणसं मारली, लूट झाली. विल्यम ऑफ न्यूबर्ग या त्या काळातल्या बखरकाराने लिहिलंय की एका धर्मांतर केलेल्या ज्यूवरून भांडण पेटलं. जाळपोळ मुख्यतः व्यापारासाठी आलेल्या परदेशी तरुणांनी केली, आणि लूट जहाजांत भरून ते निघून गेले. गावातल्या ख्रिश्चनांनाही मान असलेला एक ज्यू वैद्य होता. झाल्या प्रकाराबद्दल तो बोलला, तर त्यालाही मारलं. चौकशीला राजाचे अधिकारी आले तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं, ते सगळं बाहेरच्यांनी केलं, ते तर गेले.

"बाहेरच्यांनी केलं" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, तुमच्याही असेल. बंदराच्या गावात तर ते फारच सोयीचं, कारण बाहेरचे लोक तिथे खरोखरच असतात आणि खरोखरच निघून जातात. जहाजं लागण्याजोगा धक्का असला की मालाबरोबर हेही येतं. लिनमध्ये फिरताना मला व्यापाऱ्यांच्या घरांवर निळ्या-काळ्या पाट्या दिसतात, तेव्हा त्या वैद्याचं घर कुठे असेल असं वाटून जातं.

तेराव्या शतकात नदीच बदलली, आणि लिनचं नशीब उघडलं ते तेव्हा.

झालं असं, की आधी ग्रेट ऊझ लिनला येतच नव्हती! तिचं मुख्य पाणी पश्चिमेला विसबीच गावापाशी समुद्राला मिळायचं. लिनला येणारी नदी त्यामानाने किरकोळ होती. पण विसबीचचं मुख गाळाने भरत चाललं, पाणी तुंबायला लागलं, आणि १३ व्या शतकात फेन्समध्ये लिटलपोर्टजवळ खणलेल्या चरातून ऊझचं पाणी लिनच्या बाजूला वळलं. यात निसर्गाचा हात किती आणि फावड्याचा किती, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. परिणाम मात्र स्वच्छ दिसतो. केंब्रिज, ईली, हंटिंग्डन, बेडफर्ड, एवढ्या मोठ्या मुलखाचा माल आता होड्यांतून आपोआप लिनच्या दारात यायला लागला. रस्त्याने बैलगाडीत धान्य नेण्यापेक्षा पाण्याने नेणं कितीतरी स्वस्त, त्यामुळे ज्याच्याकडे नदी त्याच्याकडे बाजार. विसबीचचं काय झालं? समुद्र त्याच्यापासून लांब लांब गेला. तिथे आजही छोटंसं बंदर आहे, पण ते समुद्रापासून बरंच आत.

नदी मोठी झाली तशी ती वागायलाही लागली मोठ्या नदीसारखी. पश्चिमेचा काठ ती खात सुटली. समोरच्या वेस्ट लिनचं जुनं चर्च तिने गिळलं, त्यांना नव्या जागी बांधावं लागलं. पूर्वेला, लिनच्या बाजूला, मात्र गाळ टाकत राहिली. म्हणजे समोरच्याची जमीन जायची आणि यांच्या परसात यायची.

आणि इथे लिनच्या व्यापाऱ्यांनी जे केलं ते बघून मला त्या मीठवाल्यांची आठवण झाली. घर रस्त्याला तोंड करून, पाठीमागे लांबुळका तुकडा थेट नदीपर्यंत. नदीच्या कडेला ओंडके-फळ्यांची भिंत ठोकायची. भिंतीच्या मागे मिळेल ते टाकायचं. गाळ, शेण, हाडं, फुटकी मडकी, चामड्याचे तुकडे, मासळीचा कचरा. ते दबलं, घट्ट झालं की त्यावर धक्का आणि वखार. नदी थोडी मागे सरली की पुढे आणखी एक भिंत, आणखी भर. आज ज्याला किंग स्ट्रीट म्हणतात, तिथे आसपास एके काळी नदीचा काठ होता. आता त्या घरांच्या मागे अंगण, मग वखारी, मग पुन्हा अंगण, मग रस्ता, आणि मग कुठे पाणी. एका अरुंद बोळातून मी नदीपर्यंत चालत गेले, तेव्हा पाय दगडी फरशीवर होते आणि फरशीच्या खाली दोन-तीनशे वर्षांचा कचरा होता. कचऱ्याने गाव बुडाल्याची उदाहरणं आपण रोज बघतो, कचऱ्याने गाव वाढल्याचं हे एक.

हे कळलं ते खणल्यामुळे. १९६० च्या दशकात लंडनची गर्दी कमी करण्यासाठी लिन वाढवायचं ठरलं. जुना भाग पाडून नवी दुकानं आणि रस्ते करायला सुरुवात झाली. बरंच काही त्यात गेलं. पण त्याच वेळी, १९६३ ते १९७० या काळात, पुरातत्त्वज्ञांनी पाडकामाच्या पुढे पुढे धावत जागा खणल्या, आणि लाकडी भिंती, भरावाचे थर, चामड्याचे जोडे असं सगळं बाहेर आलं. ओल्या चिखलात लाकूड आणि चामडं टिकतं. इतर ठिकाणी ते केव्हाच संपलं असतं.

धक्क्यावरून काय जायचं? धान्य, मुख्यतः धान्य. गहू, सातू आणि सातूचं मॉल्ट. नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावर धान्य पिकत नाही, ते लिनहून जायचं. लोकर, कापड, शिसं आणि अर्थात मीठ. यायचं काय? नॉर्वेहून खडखडीत वाळवलेला कॉड मासा (आपल्या सुक्या बोंबलाचा गोरा भाऊ!), लाकूड, शिकारी ससाणे. फ्रान्सच्या गॅस्कनीहून दारू. बाल्टिकहून मेण, डांबर, फरची कातडी. राजवाड्यातल्या हातावर बसणारा पांढरा ससाणा आणि गरिबाच्या ताटातला वाळका मासा एकाच धक्क्यावर उतरायचे.

पैसा आला तशी भांडणं आली. १४ व्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत गावातल्या लोकांचे सरळ तीन वर्ग केलेले दिसतात: बडे, मधले आणि लहान. बड्यांच्या हातात ट्रिनिटी गिल्ड, गिल्डच्या हातात गाव. मधल्या आणि लहानांची तक्रार अशी की आमच्यावर पट्ट्या बसवता त्या आम्हाला न विचारता. १३०९ मध्ये याबाबत तडजोड झाली, आणि शंभर वर्षांनी, १४११ पासून पुढे, तेच भांडण पुन्हा पेटलं. लोक बदलले, वाक्यं तीच. या सगळ्याच्या नोंदी गावाने कागदावर ठेवल्या. लिनचं 'रेड रजिस्टर' हे युरोपातल्या सर्वात जुन्या कागदी वह्यांपैकी एक मानलं जातं, जेव्हा बाकीचे लोक अजून चामड्यावर लिहीत होते. कागदसुद्धा जहाजातूनच आला असणार.

पण बडे असोत की लहान, बिशप हा सगळ्यांचा सामायिक डोकेदुखीचा विषय. गाव वाढवलं आम्ही आणि जहागिरी याची! १३७७ मध्ये याचा स्फोट झाला. तेव्हा बिशप होता हेन्री डिस्पेन्सर, मंत्रापेक्षा तलवारीवर जास्त विश्वास असलेला माणूस. तो लिनला आला आणि म्हणाला, नगराध्यक्षापुढे अधिकाराचा दंड धरून चालतात, तसा माझ्यापुढे धरून चला, गाव माझं आहे. नगराध्यक्ष आणि बाकीचे मान्यवर घाबरले. ते म्हणाले, महाराज, आमची हरकत नाही, पण सामान्य लोकांना हे खपणार नाही, ते आपल्यावर धावून येतील. बिशप म्हणाला, असल्या फाटक्या लोकांना मी भीत नाही. मिरवणूक निघाली. लोकांनी वेशी लावून घेतल्या आणि बाण सोडले. बिशप जखमी होऊन, अंधाराचा आधार घेऊन पळाला.

मला यात सगळ्यात आवडतं ते नगराध्यक्षाचं बोलणं. "आमची हरकत नाही, पण लोकांची..." मुरलेला माणूस! दंड खरा त्याचा, आणि बाण मात्र दुसऱ्यांनी मारले. अर्थात भांडण राजाच्या दरबारात गेलं आणि गावाला नमतं घ्यावं लागलं. त्याच १३७७ मध्ये डोईपट्टी बसली, तेव्हा लिनमध्ये १४ वर्षांवरची तीन हजारांहून जास्त माणसं मोजली गेली. १३४९ च्या प्लेगने गाव ओरबाडून नेल्यावरही एवढी उरली होती.

आता आत्याला कबूल केलेली बाई. मार्जरी केम्प, जन्म साधारण १३७३. बाप जॉन ब्रनहॅम, पाच वेळा नगराध्यक्ष. बापाच्या नावाचा तोरा तिला भरपूर होता, तिने स्वतःच तसं सांगितलंय. लग्नानंतर तिने बिअर गाळायचा मोठा धंदा काढला. तीन-चार वर्षं बरा चालला, मग फेसच धरेना, सगळं पाण्यात. मग घोड्यांनी चालवायची चक्की काढली, तर घोडे पुढे जायच्या ऐवजी मागे जायला लागले. गडीमाणसं सोडून गेली, गावात बोंब झाली. १४ मुलं झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, आता पुरे, मी देवाची. आणि निघाली यात्रेला. जेरुसलेम, रोम, स्पेनमधलं सांतियागो. ती चर्चमध्ये मोठमोठ्याने रडायची, इतकी की लोक तिला टाळायचे. लिहिता येत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्या वयात तिने आपलं आयुष्य सांगून लिहवून घेतलं. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते आज ओळखलं जातं, आणि त्याचं हस्तलिखित १९३४ मध्ये एका घरात सापडलं.

तिची भक्ती एका बाजूला ठेवली तरी त्या पुस्तकातून बंदराचं गाव आतून दिसतं. तिचा मुलगा व्यापारासाठी डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला, जाऊन राहिला आणि तिथलीच बायको केली. दोघं लिनला आले आणि मुलगा इथे वारला. पुढे १४३३ मध्ये ती सून माहेरी परत निघाली, तेव्हा साठीची मार्जरी, मुलीची सासू म्हणून, तिच्याबरोबर जहाजात चढली आणि वादळं सोसत डान्झिगला पोचली. विलायतेत मुलगा, तिकडचीच सून, आणि तब्येतीची पर्वा न करता विमानात बसलेली आई... आमच्या इथल्या प्रत्येक मराठी घरात एक मार्जरी येऊन गेलेली आहे. (आई, हे तुला नाही. :-) )

ही डान्झिगची वाट हान्सा संघाची. जर्मन आणि बाल्टिक शहरांच्या व्यापाऱ्यांचा हा संघ होता. इंग्लंडशी त्यांची काही वर्षं लढाई झाली, १४७४ मध्ये उट्रेक्टला तह झाला, आणि त्यात त्यांना लंडन, बॉस्टन आणि लिन इथे स्वतःच्या मालकीच्या वखारी मिळाल्या. १४७५ च्या सुमाराला लिनमध्ये, सेंट मार्गारेट चर्चच्या समोरच, त्यांनी वखार बांधली. लंडनची गेली, बॉस्टनची गेली, लिनची उभी आहे. इंग्लंडमध्ये शिल्लक असलेली हान्साची ती एकमेव इमारत. शाळेत आपण सुरतेची, राजापूरची इंग्रजांची वखार शिकलो. त्याच्या दीडशे वर्षं आधी इंग्रजांच्याच गावात जर्मनांची वखार होती आणि स्थानिक व्यापारी त्यांच्या सवलतींवरून दातओठ खात होते, हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या अंगणात उभं राहून मला फार बरं वाटलं, हे मान्य करायला हवं!

तोवर लिनचा बहर ओसरू लागला होता. लोकरीऐवजी कापड जायला लागलं आणि त्याची मलई लंडनने खाल्ली. गाव संपलं नाही, पण पहिल्या पाचातही पुन्हा आलं नाही. १५३७ मध्ये हेन्रीने बिशपकडून लिन काढून घेतलं आणि पाटी बदलली. ज्याच्यावर बाण सोडूनही जी जहागिरी सुटली नव्हती, ती एका कायद्याने गेली. मिळाली मात्र राजाला. गावातले लोक अजूनही नुसतं लिनच म्हणतात.

सेंट मार्गारेट चर्चला पुढच्या वेळी गेलात तर दोन गोष्टी नक्की बघा. पश्चिमेच्या दाराशी भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा कोरल्यात. १९५३ ची आहे, १९७८ ची त्याच्याही वर आहे. नऊशे वर्षं भर घालूनही समुद्र दारापर्यंत येतो. आणि वर मनोऱ्यावर एक तबकडी आहे, १७ व्या शतकातली. ती वेळ सांगत नाही, भरती केव्हा आहे ते सांगते. त्यावर आकडे नाहीत, बारा आकड्यांच्या जागी बारा अक्षरं आहेत. ती ओळीने वाचली की होतं: लिन हाय टाइड.